झोपलेल्याला उठवताना

रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हा वहिनीचा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण आमच्या आळीत ग्रामपंचायतीच्या ठरावापेक्षा जास्त पाळला जाई. दादा सकाळी कंपनीच्या बसमधून उतरून यायचा, अंघोळ करून भाकरी खायचा आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचा. त्यानंतर कुकर शेजारच्या काकूंच्या घरी लागायचा, शिट्टी होते म्हणून. कोंबड्या वहिनीनं माहेरी, कोंडाण्याला पाठवून दिल्या होत्या, कारण अंडं घातलं की कोंबडी गावाला सांगत सुटते. पत्र्यावर आंब्याची फांदी आली होती. वैशाखात कैऱ्या धाडधाड पडायच्या, म्हणून वहिनीनं शिडी लावून पत्र्यावर पेंढा भरलेली पोती अंथरली. फांदी तोडली असती तर सोपं झालं असतं, पण ते झाड वडिलांनी लावलेलं.

पुतणी तेव्हा पहिलीत होती. तिच्या पायातले पैंजण काढून डब्यात ठेवले होते. ती घरात कुजबुजत बोलायला शिकली आणि मग शाळेतही तसंच बोलू लागली. बाईंनी वहिनीला बोलावून विचारलं, "पोरीच्या घशाला काही झालंय का हो? पाढे म्हणते ते मला ऐकूच येत नाहीत."

वहिनी म्हणाली, "घशाला काय नाय वो. बापाला रात्रपाळी हाय."

दादा साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर होता. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर लोक म्हणतील तेवढाच एक कारखाना वाईट. तिथं पाळी दर आठवड्याला फिरायची. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक रात्रीची. शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच सोमवार उजाडायचा. माझा दादा म्हणजे गावातला सगळ्यात बोलका माणूस. तलाठ्याची नक्कल करायचा, सरपंचाची करायचा, आणि गौरीच्या नाचाला बायका त्यालाच ढोलकीवर बसवायच्या, कारण तो वाजवताना सगळ्यांची टर उडवायचा. हा माणूस चार-पाच वर्षांत असा झाला की ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला तरी अंगावर यायचा. मग तासाभरानं कोपऱ्यात बसून हातांकडे बघत राहायचा. बायकोला म्हणायचा, "मी काय बोललो गं मघाशी?" त्याला खरंच आठवायचं नाही.

माझं वाचन पत्रकांवर झालं. वडील दुसऱ्या एका कारखान्यात होते, तो बंद पडेपर्यंत युनियनची पत्रकं आमच्याच घरातून निघायची. गुलाबी कागद, पिवळा कागद, बोटांना शाई. शाळेत जायच्या आधी मला "कामगार बंधूंनो" वाचता येत होतं आणि "भगिनींनो" का नाही म्हणून मी रडले होते. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी तेही घालायला सुरुवात केली. त्यांचा एक नियम होता: जे गेटवर उभं राहून समोरच्याच्या तोंडावर म्हणता येणार नाही, ते छापायचं नाही. वडील गेले आणि मला तो नियम आणि चिडका स्वभाव दोन्ही मिळाले.

म्हणून दादाच्या कारखान्यातल्या माणसांनी "दर आठवड्याला फिरणारी पाळी बंद करा, आजारी माणसांना कायमची दिवसपाळी द्या" अशी मागणी केली तेव्हा त्यांचं पत्रक मीच लिहिलं. व्यवस्थापनानं भांडण केलं नाही. ते फार सभ्य होते. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: पाळीमुळे प्रकृतीवर परिणाम होतो याचा शास्त्रीय पुरावा आणा, विचार करू.

माणूस समोर उभा आहे, डोळ्यांखाली खड्डे पडलेले, आणि पुरावा आणा म्हणे! पण आम्ही पुरावा आणायचं ठरवलं. ओळखीतून पुण्याच्या एका संशोधक बाईंपर्यंत पोचलो. मेंदूतली संप्रेरकं, माणसाचं वागणं आणि झोप यांचा एकमेकांशी काय संबंध, हा त्यांचा विषय. आयुष्यभर त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांवर काम केलं होतं आणि त्यांना आता माणसांवर करायचं होतं. त्यांनी होकार दिला. मी कर्जतच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेली, हाताला काम नव्हतं, त्यांनी मला गावातली मदतनीस म्हणून घेतलं.

पहिल्या रविवारी समाजमंदिरात बैठक झाली. बाईंनी फळ्यावर डोकं काढलं. डोळ्यांच्या मागं पेशींचा एक पुंजका असतो, तो उजेड बघून वेळ ठेवतो, म्हणाल्या. अंधार पडला की तो आणखी मागच्या एका ग्रंथीला निरोप देतो आणि ती झोपेचं संप्रेरक सोडते. "ती ग्रंथी किती मोठी? तांदळाच्या दाण्याएवढी."

मागून एकजण म्हणाला, "कुठला तांदूळ बाई? आपला कोलम का बासमती?"

"कोलमच धरा," बाई न हसता म्हणाल्या.

"मंग दादाचा तुकडा तांदूळ आसंल," दुसरा म्हणाला. "त्याला झोपच नाय."

सगळे हसले. दादाही हसला, पण इतका उशिरा हसला की सगळ्यांचं हसून झालं होतं.

बाई पुढं म्हणाल्या, दुसरं एक संप्रेरक माणसाला जागं करतं. ते पहाटे चढतं आणि दिवसभर हळूहळू उतरतं, रात्री झोपायच्या वेळी तळाला येतं. झोप मोडत राहिली की हा चढउतार बिघडतो, आणि मग राग, विसर, उदासपणा. "तुमचा स्वभाव बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं घड्याळ बिघडवलेलं आहे. हे मला सिद्ध करायचंय, अजून झालेलं नाही." 'बिघडलेलं' न म्हणता 'बिघडवलेलं' म्हणाल्या, त्याच क्षणी मला त्या आमच्या वाटल्या. शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

एकानं विचारलं, "आदी उंदीर, आता आमी. उंदरांचं पुढं काय झालं, बाई?"

त्यांनी खरं सांगितलं. "प्रयोग संपल्यावर मारावे लागले." मग त्या म्हणाल्या, "तुम्हांला फक्त कापूस चावायचाय."

पद्धत सोपी होती. रात्रपाळीच्या आठवड्यातले काही दिवस, दिवसरात्र मिळून ठरावीक वेळी कापसाचा बोळा तोंडात धरायचा, लाळेनं भिजवायचा आणि झाकणाच्या नळीत टाकायचा. कामावर असताना माणसं स्वतःच घेणार. घरी झोपलेली असताना बायकोनं हळूच उठवून बोळा चाववायचा आणि परत झोपू द्यायचं. मी आळीतल्या बायकांना हे समजावलं. संध्याकाळी बर्फाचा डबा घेऊन नळ्या गोळा करायची. सगळ्या नळ्या वेळेवर भरलेल्या असायच्या. एकाही घरी चूक नाही. आमच्या बायका किती शिस्तीच्या, असं मी बाईंना फोनवर सांगितलं.

काही महिन्यांनी बाई स्वतः आल्या. आमच्या पडवीत बसल्या. दादा पहिल्या पाळीला गेला होता. वहिनीनं चहा आणला. बाईंनी पिशवीतून एक फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. कापसाच्या बोळ्याचा फोटो होता, त्यावर तपकिरी कण.

"दुपारच्या बऱ्याच नळ्यांत हे आहे. सकाळच्या आणि रात्रीच्या नळ्यांत नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुपारचे आकडे रात्रभर छान झोपलेल्या माणसाचे आहेत."

मला कळायच्या आत वहिनीला कळलं. तिनं पदरानं तोंड झाकलं. आमच्याकडच्या बायका जेवण झालं की मिश्री लावतात. वहिनीही लावते. दादा तंबाखूला हात लावत नाही.

"ते उठायचेच नाय वो," वहिनी म्हणाली. "म्हंजे, मीच उठवलं नाय. पयल्या दिवशी गेले खोलीत. बगते तर तोंड उघडं टाकून झोपलेले, लहान पोरासारखे. चार दिसांनी डोळा लागलेला. कसं उठवू? आमच्यात म्हणतात, जेवत्या माणसाला उठवू नये आनि झोपलेल्याला जागं करू नये. मंग मी माझीच दिली."

"तुमची लाळ?"

"कंपनीत नाय का बदली चालत? एक नाय आला तर दुसरा उभा ऱ्हातो मशीनवर. तशी मी बदली दिली." मग तिनं हळूच सांगितलं, "मी एकटीच नाय. नळावर बोलनं झालं तवा समजलं, सगळ्याच देतात. कुनीच उठवीत नव्हतं."

बाईंनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत. फोटो पिशवीत परत ठेवत म्हणाल्या, "तुमच्या लाळेवरून मी असं लिहिणार होते, की फिरत्या पाळीनं माणसाला काहीच होत नाही."

वहिनीला एकदम पूर्ण समजलं. जे तिनं दादाच्या झोपेसाठी केलं, तेच त्याच्या दिवसपाळीच्या आड आलं होतं.

बाईंना पुण्याची गाडी मिळावी म्हणून मी त्यांना कुंभिवली फाट्यावर सोडायला गेले. रस्त्यावर ट्रकांचा आवाज होता, त्यामुळे मला ओरडायला निमित्त मिळालं. मी म्हटलं, दुपारचे आकडे टाकून द्या, उरलेल्यावर लिहा. कारखान्याला कुठं कळणार आहे?

"दुपारचीच झोप मोजायची होती," त्या म्हणाल्या. "ती काढली तर उरतं काय?"

"मग तुमचं विज्ञान कुणाच्या बाजूचं आहे?"

"कुणाच्याच नाही. म्हणून तर त्यांनी ते मागितलं."

वडिलांचा नियम माझ्याच अंगावर आला होता. गेटवर उभं राहून मी व्यवस्थापनाच्या तोंडावर म्हणू शकले असते का, की दुपारच्या नळ्या आम्ही घेतल्याच नव्हत्या? नसते म्हणू शकले. त्या संध्याकाळी मला दोघांचाही राग आला, बाईंचा आणि गेलेल्या वडिलांचा.

बाईंनी सगळे नमुने बाद केले आणि पुन्हा घ्यायचे ठरवले. ह्या वेळी बरीच घरं मागं हटली. दादा मात्र तयार झाला. घडलेलं त्याला वहिनीनं स्वतः सांगितलं. मी समोर होते. मला वाटलं तो भडकेल. तो इतकंच म्हणाला, "उठवायचं व्हतंस गं." मग माझ्याकडं वळला. "लिव बाय माझं नाव. ह्या येळला उठीन मी."

वहिनीनं ह्या खेपेला कसूर केली नाही. पहिल्या दुपारी तिनं उठवलं, तो उठला, बोळा चावला, झोपला. दुसऱ्या दिवशी आळीतल्या नळ्या गोळा करून मी बर्फाचा डबा घेऊन घरी पोचले तोवर रात्र झाली होती, दादा कामावर निघून गेला होता. पुतणी पडवीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. वहिनीनं नळ्या माझ्या हातात दिल्या. तिचा खालचा ओठ फाटून सुजला होता.

"काय झालं?"

"काय नाय."

"वहिनी."

"झोपेत हात लागला त्यांचा." ती चुलीकडं वळली. "हालवलं तशे दचकून उठले. मी कोन ते वळकलंच नाय. हात असा आला. मंग मी म्हटलं, अवो, मी हाय, चावा. चावलं त्यांनी. परत झोपले. त्यांना कायपन ठावं नाय आनि तुमी सांगू नका, वन्सं."

दुपारची नळी बरोबर होती. झाकण घट्ट, वर वेळ लिहिलेली, बाहेरून रक्ताच्या बोटाचा पुसट ठसा. वहिनीनं आधी नळी बंद केली होती आणि मग तोंड धुतलं होतं.

दादाला मी सांगितलं नाही. पुतणीनं सांगितलं. तिनं ते सगळं उंबऱ्यात उभं राहून पाहिलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी बाप बसमधून उतरून घरात आला तेव्हा ती त्याच्या जवळ जाईना. त्यानं का म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. दादा त्या दिवशी झोपला नाही. मागच्या दारी दगडावर बसून राहिला. वहिनी ताट घेऊन गेली तर म्हणाला, "ठेव तिथं. जवळ नको येऊ."

बाईंना मात्र मी फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या, वहिनीचा ओठ पाहिला आणि तिथल्या तिथं काम थांबवलं. म्हणाल्या, ही जखम माझ्या प्रयोगानं झाली, ह्या घरातलं काहीही मी वापरणार नाही, आणि बाकीच्या घरांतही उठवणं बंद. मी पेटले. आधी लाळ खोटी म्हणून बाद, आता खरी आहे तर जखम झाली म्हणून बाद! तत्त्व त्यांचं, आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी आमच्याच घरानं द्यायची? हे सगळं मी बोलले, आणि आजही त्यातला एक शब्द मागं घेत नाही. पण बाईंचा चेहरा मला आठवतो. झोपेला मुकलेल्या जिवाला उठवलं तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. उंदरांमध्ये त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. फक्त माणसाला उठवणाऱ्या बाईचा त्यांनी विचार केला नव्हता.

वहिनी तोवर दारात उभी होती. ती पुढं आली आणि बाईंच्या समोर जमिनीवर बसली.

"डाक्टरबाई, पयली माझी व्हती ती तुमी फेकली. बराबर केलंत. ही त्यांची हाय. ही फेकाल तर माझं तोंड उगाच फुटलं."

"मी परत तुम्हांला त्यांना उठवायला सांगणार नाही."

"नका सांगू. पन जेवढी दिली तेवढी मोजा." तिनं ओठावर बोट ठेवलं. "आनि हे पन लिवा. उठवलं तर मानूस असा उठतो म्हनून लिवा. हा पुरावा नाय का?"

बाईंनी लिहून घेतलं. वहिनीची परवानगी त्यांनी कागदावर घेतली, आणि वहिनीनं अंगठा न लावता सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

अहवाल आला तो थोड्याच घरांवर उभा होता, पण खरा होता. त्यात एका माणसाचा आलेख होता, त्याला नाव नव्हतं, मी तो ओळखला. जागं करणारं संप्रेरक दुपारी, झोपेच्या ऐन मध्यावर, चढलेलं. रात्री मशीनपुढं उभं असताना तळाला गेलेलं. बाईंनी खाली लिहिलं होतं की हे शरीर दिवसाचंही उरलेलं नाही आणि रात्रीचंही नाही. नमुना घेताना घरातल्या स्त्रीला इजा झाली, हेही त्यांनी लिहिलं होतं, पहिल्याच पानावर, स्वतःची जबाबदारी म्हणून. असा शास्त्रीय अहवाल मी दुसरा पाहिलेला नाही.

मी त्याचं पत्रक केलं आणि स्वतः गेटवर वाटलं. प्रत्येक ओळ तोंडावर म्हणता येईल अशी होती. व्यवस्थापनानं पुन्हा एका ओळीत उत्तर दिलं: नमुना अपुरा आहे, व्यापक अभ्यास झाल्यास विचार करू.

पाळी फिरतेच आहे. दादा अजून तिथंच आहे, कारण दुसरीकडं तेवढा पगार नाही आणि त्याच्या वयाच्या माणसाला कुणी नव्यानं घेत नाही. वहिनी पुतणीला घेऊन कोंडाण्याला राहायला गेली. भांडून नाही गेली. दादानंच पाठवलं. "मी झोपंत काय करीन मला ठावं नाय," तो म्हणाला. "पोरीनं परत बगायला नको." आता दिवसभर रिकाम्या घरात तो झोपतो, किंवा पडून राहतो. मी कर्जतला खोली घेऊन राहते. बाईंशी फोनवर बोलणं होतं. त्या व्यापक अभ्यासासाठी जागा शोधताहेत, आणि दर वेळी फोन ठेवण्याआधी वहिनीबद्दल विचारतात, "त्या कशा आहेत?" दादाबद्दल नंतर विचारतात.

सुट्टीच्या दिवशी दादा कोंडाण्याला जातो. मागच्या महिन्यात मीही गेले होते. डोंगराच्या पायथ्याशी वहिनीचं माहेर आहे, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. जेवणं झाली आणि दादा ओटीवर घोंगडीवर आडवा झाला. थोड्या वेळानं वहिनी हात पुसत बाहेर आली, त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"बगा वन्सं, कशी गाढ लागलीय," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. "इथं लागते त्यांना. घरी नाय लागत, पन इथं लागते."

मी हो म्हटलं. दादाच्या पापण्या थरथरत होत्या आणि चादरीखाली पायाचा अंगठा हलत होता. श्वास तो मुद्दाम लांब घेत होता, मोजून. वहिनी बराच वेळ तिथं बसली. मग आतून तिच्या आईनं हाक मारली आणि ती उठून गेली.

ती गेली तसे दादानं डोळे उघडले. मला बघितलं आणि परत मिटले.